साखरेचा खटला

उस्मानाबादेत तेव्हा खोली भाड्यानं घ्यायची म्हणजे घरमालक आधी जात विचारत, मग पगार, मग लग्न झालंय का. आमच्या वकीलसाहेबांनी यातलं काही विचारलं नाही. ओट्यावर उभं राहून त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "घरात कुणाला साखर आहे?"

मी नुकताच बी. ए. होऊन हायस्कुलात लागलो होतो. बेंबळीच्या शेतकऱ्याचा मुलगा, आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला पहिलाच. मला वाटलं, शेजारपाजारची देवघेव चाललीय. म्हटलं, "आणून देतो ना. चहापुरती."

"चहापुरती नाही मास्तर. रक्तातली. आई, बाप, भाऊ, भावजय, कुणाला सारखी तहान? सारखं लघवीला उठणं? काही कारण नसताना झडत जाणं?"

"माहीत नाही."

"माहीत नाही हा जवाब होत नाही. माहीत करून घ्या. खोली तुमची."

वकीलसाहेबांचं घराणं तुळजापूरच्या पुजाऱ्यांचं. थोरले भाऊ देवीच्या सेवेत, आणि हे निजामाच्या काळात हैदराबादेला जाऊन उर्दूत कायदा शिकून आलेले. पोलीस अॅक्शन झाली, राज्यं बदलली, कोर्टात मराठी आली. यांच्या जिभेवरची उर्दू काही उतरली नाही. काळा लांब कोट, त्याला गळ्यापर्यंत गुंड्या, आणि भर उन्हाळ्यातही त्यातली एक उघडी नाही. बायको लवकर वारलेली, मूलबाळ नाही. चाळिशीत त्यांना मधुमेह निघाला. दुसरा माणूस खचला असता किंवा लपवून बसला असता. यांनी त्याच्यावर खटला भरला, आणि तो मरेपर्यंत चालवला.

रोज सकाळी ओट्यावर, रस्त्याला तोंड करून, ते 'पेशी', म्हणजे सुनावणी, भरवायचे. स्पिरिटचा दिवा, काचेची नळी, तीत निळं औषध. त्यात स्वतःच्या लघवीचे थेंब टाकून ते नळी दिव्यावर धरायचे. रंग निळाच राहिला की ओरडायचे, "बरी! निर्दोष सुटलो!" हिरवा झाला तर, "तारीख पडली." पिवळा झाला तर गप्प बसायचे. विटकरी झाला की रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही थांबवून सांगायचे, "सजा झाली बघा. काल कोर्टातल्या मुन्सिफाच्या मुलाच्या बारशाला दोन जिलब्या खाल्ल्या, त्याची."

समोरचे कारकून एकदा वैतागून म्हणाले, "वकीलसाहेब, हे आत बसून करा की. बायामाणसं जातात रस्त्यानं."

"आत चोर करतात. मी चोरी केली नाही, मला रोग झालाय."

"अहो, पण लोक काय म्हणतील?"

"लोकांनी म्हणावं म्हणूनच तर बाहेर बसतो."

आज हे वाचताना हसू येईल, पण त्या काळी हा रोग घरात लपवून ठेवायची चीज होती. एका घरात निघाला की त्या घरच्या मुलींना स्थळं येत नसत. एरवी त्याला 'राजरोग' म्हणायचे, श्रीमंतांचा. गरिबाला झाला तर तो रोग आहे हेच कुणी मानत नसे; करणी, बाधा, नजर, काहीही म्हणत. वकीलसाहेब यावर चिडायचे. "रोगाला सातबारा वाचता येतो का?" असं ते कोर्टाच्या आवारात भेटेल त्याला विचारायचे.

लग्नाच्या पंगतीत तर यजमान त्यांना कोपऱ्यातल्या पानावर बसवायचे. वाढपी श्रीखंड घेऊन आला की वकीलसाहेब पानावर हात आडवा धरून सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणायचे, "मला साखर आहे. या पंगतीत आणखी कुणाला आहे, त्यांनीही हात आडवा धरावा. लाजू नये." तुळजापूरला पुतण्याच्या लग्नात त्यांनी हेच केलं आणि वर थोरल्या भावाकडं बघून म्हणाले, "दादा, तुमचाही हात." वधूपक्ष हबकला. थोरल्या भावानं त्या दिवसापासून यांना घर बंद केलं, आणि हा देवीला मानत नाही, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला सुरुवात केली. वकीलसाहेबांनी ना खुलासा केला, ना भाऊ परत जोडला.

मी त्यांच्या उपयोगी पडलो तो इंग्रजीमुळं. आमच्या घराण्यातलं पहिलं बी. ए. कशाला कामी येईल हे मला तोवर कळलं नव्हतं. त्यांनी कुठल्याशा वर्तमानपत्रात वाचलं होतं, की परदेशात मधुमेह्यांच्या संघटना असतात, रोगी एकत्र येतात, पुस्तकं काढतात. मग दर रविवारी ते मला समोर बसवून मजकूर सांगायचे आणि मी तो इंग्रजीत लिहायचा. सांगण्याची धाटणी अर्जाची. 'जनाबे आली, सदर जिल्ह्यात साखरेचा जुल्म आहे आणि दाद मागायला जागा नाही.' याचं इंग्रजी करताना माझा घाम निघायचा. पण पलीकडून उत्तरं येऊ लागली आणि पुस्तिकाही. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. चित्रात पांढरी बशी, काटे-चमचे, पावाचे दोन काप, उकडलेला मासा, अर्धं सफरचंद.

वकीलसाहेबांनी ते चित्र कितीतरी वेळ पाहिलं. "मास्तर, हे कुणाचं ताट आहे?"

त्याच सुमाराला परदेशी डॉक्टरांचं एक पथक सोलापूरला आलं. देशोदेशी फिरून या रोगाची माहिती द्यायची, तिथल्या डॉक्टरांशी बोलायचं, असा त्यांचा उपक्रम. सभा डॉक्टरांपुरती होती. वकीलसाहेब मला घेऊन एस.टी.नं गेले आणि दारावरच्या माणसाला म्हणाले, "आम्ही मुद्दई आहोत, फिर्यादी. आमच्याशिवाय सुनावणी कशी होईल?" तो गोंधळला तेवढ्यात आम्ही आत.

उत्तरेकडच्या एका थंड देशातल्या, उंच, मोठ्या हाडापेराच्या डॉक्टरीणबाई बोलत होत्या. भिंतीवर तेच ताट टांगलेलं. बाईंनी पावाच्या कापांवर छडी ठेवली आणि वकीलसाहेब उठले.

"हरकत आहे!"

सगळ्या सभेच्या माना वळल्या. मी घाबरत घाबरत इंग्रजी केलं. बाईंनी विचारलं, "कशाला?"

वकीलसाहेब पुढं गेले. कोटाच्या खिशातून रुमालात बांधलेली ज्वारीची भाकरी काढली आणि बाईंच्या टेबलावर ठेवली. "आमच्या जिल्ह्यात हे खातात. याच्याबद्दल बोला."

कुणीतरी मागून त्यांना खाली बसवायला निघालं होतं. पण बाईंनी ती भाकरी उचलली, तळहातावर तोलली, वास घेतला, तुकडा मोडून तोंडात टाकला आणि बराच वेळ चावला. मग म्हणाल्या, "एका वेळी किती?"

"भूक असेल तितक्या. हाच तर खटला आहे."

बाई मोठ्यानं हसल्या. सभा संपल्यावर त्या आमच्याबरोबर बाहेर पायरीवर बसल्या. म्हणाल्या, आमचं पुस्तक आमच्या स्वयंपाकघरात लिहिलेलं आहे. सिलोनमध्ये, आफ्रिकेत, सगळीकडं आम्ही तेच घेऊन फिरतो आणि सगळीकडं लोक ऐकून घरी जातात. तुमचं पुस्तक तुम्ही लिहा. छापायचं आम्ही बघू. परतीच्या एस.टी.त वकीलसाहेबांनी मला लिहायला लावलं, गाडी हादरत असताना. ज्वारी, तूर, अंबाडी, शेंगाचटणी.

लिहिलेलं लोकांना कळतं का हे बघायला आम्ही भूमच्या बाजारात बसलो. लिंबाखाली टेबल, टेबलावर नळ्या आणि निळं औषध. बाजारकरी गोळा व्हायचे.

"औषध कशावरचं हाय?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"औषध विकत नाही आम्ही."

"मग काय इकता?"

"काही नाही."

"इकत न्हाय तर बसलाव कशाला उन्हाचं?"

"सांगायला. सारखी तहान लागत असेल तर तपासून घ्या."

म्हातारा मागं वळून लोकांना म्हणाला, "ऐकलं का रं? तान लागती का म्हणत्यात. भूममधी तान कुणाला लागत न्हाय? हिरीला पानी कुटं हाय?"

सगळा बाजार हसला. वकीलसाहेबही हसले, आणि रात्री पुस्तिकेतलं ते वाक्य खोडून नवं लिहिलं: पाणी पोटभर पिऊनही तहान जात नसेल तर.

त्यांचा स्वभाव गोड होता असं मी म्हणणार नाही. ते भांडखोर होते, हट्टी होते, एखाद्यानं चहात साखर घालून दिली तर कप खाली ठेवून चहा गार होईपर्यंत त्याला बोलायचे. पुढं पुढं त्यांच्या पायाची दोन बोटं कापावी लागली. मी दवाखान्यात भेटायला गेलो तर म्हणाले, "दोन साक्षीदार फुटले मास्तर. खटला सोडलेला नाही."

ती पुस्तिका अखेर छापून आली. तीत एक पान आहे. चित्रात एक बाई घामाघूम होऊन बसलीय, भोवती माणसं हात जोडून उभी आहेत, आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलंय: 'आधी गूळ, मग आरती.' डॉक्टरीणबाईंनी कळवलं होतं, की हेच पान चित्र बदलून आणखी दोन देशांत छापलं. तिकडं देवीऐवजी भूत काढावं लागलं, बाकी सगळं तसंच. ते पान बेंबळीतून गेलेलं आहे, आणि चित्रातली बाई माझी वहिनी आहे.

मी उस्मानाबादेला शिकत होतो तेव्हा वहिनी रोज पहाटे भाकरी करून, फडक्यात बांधून, फाट्यावर येऊन एस.टी.च्या ड्रायव्हरच्या हाती द्यायची. पाऊस असो, ताप असो, भाकरी चुकली नाही. माझ्या बी. ए.त तिच्या चुलीची आच आहे. मी नोकरीला लागलो त्याच वर्षी ती झडायला लागली. तिशीतली बाई काडीसारखी झाली. पाणी प्यायची ते रांजणाशी बसूनच. मला वकीलसाहेबांचा पहिल्या दिवशीचा प्रश्न आठवला आणि मी तिला घेऊन आलो. ओट्यावर पेशी झाली. नळी विटकरी. या वेळी ते ओरडले नाहीत. "पोरी, हा गुन्हा तुझा नाही," एवढंच म्हणाले.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं. रोज सुई. ती कोण देणार? दादा, माझा थोरला भाऊ. त्याचे हात कासरे ओढणारे. सुई हातात घेतली की थरथरायचे. वकीलसाहेबांनी त्याला ओट्यावर बसवून टोपलीभर वांग्यांना सुया टोचायला लावल्या.

"पाव्हणं, वांगं ओरडतंय का?"

"न्हाय जी."

"मग बायको पण ओरडणार नाही. मारा."

बाटली ठेवायला ओल्या वाळूत पुरलेलं गाडगं, सुई उकळायला वेगळं पातेलं. महिन्या-दोन महिन्यांत वहिनीच्या गालावर मांस आलं. ती पुन्हा भाकऱ्या थापायला लागली आणि आम्ही समजलो, संपलं.

डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. सुई एक दिवसही चुकवायची नाही. आणि सुईनंतर लगेच जेवायचं. पहिली दादानं मनावर घेतली. दुसरी कुणाच्या ध्यानातच राहिली नाही, कारण आमच्या घरात सून सगळ्यांच्या शेवटी जेवते. गडी, पाव्हणे, पोरं, सासू, मग ती. जेवायला उशीर झाला की वहिनीला घाम सुटायचा, हात कापायचे. ती म्हणायची, चुलीची धग लागली.

नवरात्र आलं. वहिनीनं नऊ दिवसांचा उपास धरला, नेहमीसारखा कडक, दिवसातून एकदा दूध आणि मूठभर शेंगदाणे. सुई चुकवायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, ते दादानं इमानानं पाळलं. उपास मोडायचा नाही ही देवीची आण, ती वहिनीनं इमानानं पाळली. दोघांनी कुणाचाच शब्द मोडला नाही, आणि त्यातच घात झाला.

अष्टमीला शाळेला सुट्टी होती. बेंबळीत दहा-वीस माणसं तपासायची म्हणून वकीलसाहेब माझ्याबरोबर निघाले. घराजवळ आलो तर दारात ही गर्दी. आत घटापुढं वहिनी बसलेली. केस सुटलेले, लुगडं घामानं भिजलेलं, डोळे कुठंतरी लागलेले, सगळं अंग थडथड हलतंय. कपाळभर हळदीकुंकू. बाया आरती ओवाळत होत्या. आई, माझी आईसुद्धा, सुनेच्या पायाशी डोकं ठेवून होती.

"आई आली गं! आमच्या घरात आई आली!"

शेजारचा एक जण पुढं सरकून विचारत होता, "आई, माजा बैल कुटं गेला? सांग माय."

"दूध... दूध उतू जातंय..." वहिनी पुटपुटली.

"गवळ्याच्या वाड्याकडं! चला रं!" दोघं-तिघं पळालेसुद्धा.

वकीलसाहेबांनी एकदा तिच्याकडं पाहिलं आणि चपला न काढता गर्दीत घुसले. "बाजूला व्हा! गूळ कुठंय? गूळ आणा!" नैवेद्याच्या ताटातला गुळाचा खडा त्यांनीच उचलला, तांब्यात कुस्करला, वहिनीची मान धरून पाणी घोट घोट तोंडात सोडायला लागले. बाया किंचाळल्या. उपासाच्या बाईच्या तोंडात, देवी अंगात असताना, परका पुरुष! दादानं त्यांची कॉलर धरली. मी दादाचा हात धरला. वकीलसाहेबांच्या कोटाची वरची गुंडी तुटून पडली, पण तांब्या हलला नाही.

थोड्या वेळानं थरथर थांबली. वहिनीनं डोळे उघडून भोवताली पाहिलं, पदर ओढला आणि हळूच म्हणाली, "येवढी माणसं का जमलीत, भावजी? मला लई भूक लागलीय."

मला वाटलं, आता सगळ्यांना कळेल. झालं उलटंच. यानं गूळ घालून देवी घालवली, अशी ओरड झाली. पाटील आले आणि वकीलसाहेबांना म्हणाले, पुन्हा गावात पाय ठेवू नका. आणि दुसऱ्या दिवशी पारावर ठरलं, की जिच्या अंगात देवी येते तिच्या अंगाला सुई लावायची नाही. सुई बंद.

मी दादाच्या हातापाया पडलो. तो खाली बघत म्हणाला, "समदं गाव तिच्या पाया पडाय येतंय. त्येंच्या म्होरं म्या सुई कशी काढू?"

दसऱ्याला माणसं आमच्या दारात सोनं घेऊन वहिनीच्या पायाशी ठेवत होती, आणि ती पाट सोडून पुन्हा रांजणाशी जाऊन बसत होती. ओठ सुकलेले, तोंडाला कसलासा आंबूस वास. देवी झालेली ती बाई मरायला लागली होती, आणि सगळं गाव हात जोडून उभं होतं.

मी उस्मानाबादेला धावलो. सांगून होईपर्यंत वकीलसाहेब चपला घालून ओट्याखाली उतरले होते. मग म्हणाले, "गाव सबूत मागतंय ना? देऊ." आणि जे करायचं ते सांगितलं. आम्ही दवाखान्यात गेलो तर डॉक्टर ओरडले, "वेड लागलंय तुम्हाला! मी याला परवानगी देणार नाही, मी येणारही नाही." दुसऱ्या दिवशी एस.टी. सुटायच्या आधी तेच बॅग घेऊन आमच्या मागच्या बाकावर येऊन बसले.

वकीलसाहेब सकाळपासून जेवले नव्हते. बंदी असलेल्या गावात ते सरळ देवीच्या देवळापाशी गेले, पारावर चढले, सगळ्यांसमोर कोटाच्या गुंड्या सोडून, पोटावरचा सदरा वर करून त्यांनी स्वतःला सुई टोचली आणि देवळाच्या पायरीवर मांडी घालून बसले. गाव जमा झालं. पाटील म्हणाले, "हे काय नाटक हाय?"

"पाटील, मी देवीला मानत नाही असं माझ्या सख्ख्या भावानं सगळ्या तुळजापुरात सांगितलंय. उपास धरला नाही. देवळात चप्पल घालून शिरणारा माणूस मी. बसा. बघा माझ्या अंगात कोण येतंय."

बराच वेळ काही झालं नाही. माणसं कंटाळून बिड्या ओढायला लागली. मग त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब आले. हात कापायला लागले. ते हसले, मग पाटलांना "मुन्सिफसाहेब" म्हणून सलाम करून उर्दूत काहीतरी सांगू लागले, मग रडायला लागले आणि कुणा 'बकू'ला हाक मारून म्हणाले, पाणी नको पिऊ, नको गं पिऊ. सगळं अंग वहिनीसारखंच थडथडायला लागलं.

एक म्हातारी पुढं झाली. "अगं बया! ह्येच्या बी अंगात आली की गं!" तिनं हात जोडले. तिचं बघून आणखी दहा जणांनी जोडले. पाटलांचा हात पागोट्याकडं गेला.

मी गुळाच्या पाण्याचा तांब्या घट्ट धरून उभा होतो. डॉक्टर पाराच्या मागून ओरडले, "आता! मास्तर, आता!" मी त्यांच्या तोंडाला तांब्या लावला. अर्धं पाणी कोटावर सांडलं. डॉक्टरांनी नाडी धरून ठेवली होती.

हळूहळू त्यांची नजर माणसांत आली. पहिला प्रश्न त्यांनी बसल्या जागेवरून, फाटक्या आवाजात विचारला. "हात कुणी कुणी जोडले होते?"

म्हातारीनं पाटलांकडं बोट केलं. गर्दीत हशा पिकला.

"कुणी आलं नव्हतं माझ्या अंगात. सुई पोटात होती आणि अन्न नव्हतं. गूळ मिळाला, उतरलं. त्या पोरीला हेच झालं होतं. तेव्हा तुम्ही तिची आरती केलीत, आणि आता तिची सुई काढून तिचा जीव घेताय."

पाटील तापले होते. "ते असूंद्या. देवीच्या पायरीवर तुमी हे सोंग केलं. नारळ ठिवा आन् माफी मागा."

"नारळ ठेवतो. माफी मागणार नाही." वकीलसाहेब माझ्या खांद्याला धरून उभे राहिले. "आईला माझा राग आला असता तर मघाशी मी तिच्याच पायरीवर शुद्ध हरपून पडलो होतो. तिला याहून सोपी संधी नव्हती. तिनं मला गूळ पिऊ दिला. तुम्ही तिच्यापेक्षा मोठे आहात का?"

सगळं गाव एका दिवसात पालटलं असं मी लिहिणार नाही. कित्येक जण पाठ फिरवून गेले. पण कुणी आडवं आलं नाही. दादा गर्दीतून पुढं आला, तुटलेल्या गुंडीच्या जागी एकदा बघितलं आणि म्हणाला, "चला घरी."

वाटेत मी त्यांना विचारलं, "बकू कोण?"

"गवाह शुद्धीवर नव्हता," ते म्हणाले. "त्याची जबानी ग्राह्य नाही." पुन्हा कधी मी विचारलं नाही.

घरी डॉक्टरांनी वहिनीला तपासलं, सुई भरली, दादाच्या हाती द्यायला लागले. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. तिनं हात पुढं केला. "हिकडं द्या." आणि सगळ्यांच्या देखत तिनं पहिल्यांदाच ती स्वतः घेतली.

दादानं सुटकेचा श्वास सोडला. "जिंकलं वकीलसाहेब तुमी."

"कुठं जिंकलो?" ते म्हणाले. "अजून पंगत बसायचीय."

आईनं ताटं मांडली. डॉक्टर, वकीलसाहेब, दादा, मी, आम्ही पुरुष ओळीनं बसलो. तेवढ्यात दोन बाया दारात आल्या, वहिनीच्या पाया पडायला वाकल्या. तिनं पाय पोटाशी घेतले. मग भिंतीचा आधार घेत उठली, सावकाश चालत आली, आणि ओळीच्या सुरुवातीला, दादाच्याही वर, मांडी घालून बसली.

आई म्हणाली, "आगं, आजून माणसं जेवायचीत."

"जेवतील की. म्या सुई घेतलीय." वहिनीनं ताट आपल्यापुढं ओढलं आणि दारातल्या बायांकडं बघितलं. "पाया नगा पडू माज्या. वाढू लागा."